रक्तात उरलेला हिवताप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नंदुरबारच्या सातपुड्यापासून गडचिरोलीच्या जंगलापर्यंत, आणि एकूणच पूर्व विदर्भात, ‘सिकलसेल’ हा इंग्रजी शब्द आता मराठीच होऊन गेला आहे. तो आशाताईंच्या वहीत असतो, आश्रमशाळेतल्या तपासणीत असतो आणि लग्नाच्या बोलणीत तर दबक्या आवाजात असतोच असतो. ‘मुलीच्या रक्तात दोष आहे म्हणे’, असं कुणीतरी कुजबुजतं आणि जमत आलेली सोयरीक मोडते. आज मला बोलायचं आहे ते या ‘दोष’ शब्दाबद्दल. कारण हा दोष असेल, तर इतक्या घरांत, इतक्या पिढ्या तो टिकला कसा? जे बियाणं रोगट निघतं ते शेतकरी दुसऱ्या वर्षी पेरत नाही. मग निसर्गानं हे बियाणं का ठेवलं?

हा प्रश्न साधा दिसतो, पण आजाराची ओळख पटल्यापासून त्याचं उत्तर हाती यायला बरोबर पन्नास वर्षं लागली.

१९०४ सालच्या डिसेंबरात शिकागोच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात वीस वर्षांचा एक विद्यार्थी दाखल झाला. वॉल्टर क्लेमेंट नोएल त्याचं नाव. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यकी शिकायला आला होता. ताप, खोकला, धाप आणि अंगात रक्त कमी. अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या शिकाऊ डॉक्टरनं त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा तांबड्या पेशींमध्ये काही विचित्र दिसल्या. लांबट, वाकड्या, विळ्याच्या पात्यासारख्या. आयर्न्स यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली ही हकिकत प्रसिद्ध केली. विळ्याला इंग्रजीत ‘सिकल’ म्हणतात, त्यावरून पुढे आजाराला नाव पडलं. नोएल पदवी घेऊन ग्रेनाडाला परतला, तिथे त्यानं दवाखाना थाटला आणि १९१६ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो गेला. हेरिक यांच्या लेखात त्याचं नाव नाही. ते पुष्कळ वर्षांनी इतिहासाच्या अभ्यासकांनी शोधून काढलं.

पेशी वाकडी का होते? आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं. ते फुप्फुसातून प्राणवायू उचलतं आणि अंगभर पोचवतं. सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटतं, त्याच्या काड्या बनतात आणि त्या काड्या पेशीला आतून ताणून वाकवतात. निरोगी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही जेमतेम दहा-वीस दिवस. शिवाय अशा वाकड्या, ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग हाडांत, पोटात, छातीत जी कळ उठते, ती ज्यानं आपल्या मुलात पाहिली आहे त्याला सांगायला नको.

१९४९ हे वर्ष या कथेत महत्त्वाचं. त्या वर्षी अमेरिकेत जेम्स नील यांनी दाखवून दिलं की, आई आणि बाप दोघांकडून हे जनुक मिळालं तरच आजार होतो. एकाकडूनच मिळालं तर माणूस ‘वाहक’ होतो. त्याला सहसा काहीच त्रास होत नाही. त्याच वर्षी लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की, फरक थेट हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. कुठल्याही आजाराचं मूळ एका रेणूपर्यंत नेऊन दाखवण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो फरक किती आहे हेही सांगितलं. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी. त्यातला सहावा मणी बदललेला. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बस्स, एवढंच. १४६ पैकी एक.

आता अडचण बघा. हा आजार झालेली मुलं, उपचार नसलेल्या काळात, बहुतेक करून लहानपणीच दगावत. त्यांना पुढे मुलंबाळं होत नसत. म्हणजे प्रत्येक पिढीत हे जनुक काही प्रमाणात गळून जायला हवं. पण पूर्व आफ्रिकेतल्या डॉक्टरांना त्याच सुमारास दिसत होतं की, युगांडातल्या काही जमातींमध्ये शंभर माणसांमागे चाळीसच्या आसपास वाहक आहेत.

श्रोतेहो, इथे थोडा हिशोब करू या. कागद-पेन्सिल लागणार नाही. समजा, अशा जमातीत शंभर बाळं जन्माला आली. प्रत्येकाकडे हे जनुक दोन प्रतींमध्ये असतं, एक आईची, एक बापाची. म्हणजे एकूण प्रती दोनशे. त्यांतल्या चाळीस सिकलच्या आहेत असं धरा. प्रती वाटेल तशा जुळल्या, तर शंभरापैकी ६४ बाळं पूर्ण निर्धोक, ३२ वाहक आणि ४ आजारी निघतात. ती चार दगावली की त्यांच्याबरोबर सिकलच्या आठ प्रती जातात. चाळीसातल्या आठ, म्हणजे पाचातली एक, एका पिढीत. अशी गळती असेल तर हे जनुक एव्हाना अगदी दुर्मिळ व्हायला हवं होतं. एवढी गळती भरून काढायला नव्या चुका, म्हणजे उत्परिवर्तनं, अशक्य वेगानं घडत राहावी लागली असती. काही शास्त्रज्ञांनी तसंही सुचवून पाहिलं.

ते ज्यांना पटलं नाही त्यांत जे. बी. एस. हाल्डेन होते. गणित आणि जीवशास्त्र या दोन्हींत सारखाच दरारा असलेला हा फटकळ इंग्रज. १९४८ साली स्टॉकहोमच्या जनुकशास्त्र परिषदेत त्यांनी एक कल्पना मांडली. ते बोलत होते ते सिकलसेलबद्दल नव्हे, तर भूमध्य सागराच्या काठच्या थॅलसेमिया या अशाच रक्ताच्या आजाराबद्दल. त्यांचं म्हणणं असं की, हा आजार मलेरियाच्या प्रदेशात जास्त दिसतो. तर मग वाहकांच्या बारक्या तांबड्या पेशी मलेरियाच्या जंतूला मानवत नसतील का? तसं असेल तर वाहक इतरांपेक्षा जास्त जगतील आणि आजारी मुलांबरोबर जे गळतं ते वाहकांमुळे भरून येईल. कल्पना नामी होती. पुरावा मात्र नव्हता.

पुरावा आणला तो केनियात वाढलेल्या एका तरुणानं. अँथनी अ‍ॅलिसन ऑक्सफर्डला वैद्यकी शिकत होता. १९४९ साली विद्यापीठाच्या मोहिमेबरोबर तो केनियाला गेला. इतर मंडळी डोंगर, झाडं, किडे बघत होती. यानं ठिकठिकाणच्या जमातींचं रक्त गोळा केलं. त्याच्या लक्षात आलं की, समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी वाहक शेकडा वीसच्या वर आहेत, आणि मधल्या थंड, उंच पठारावर ते जवळजवळ नाहीतच. भाषा निराळ्या, कुळं निराळी, तरी सरोवराकाठचे लोक आणि किनाऱ्याचे लोक या बाबतीत सारखे. दोन्हीकडे समान होतं ते एकच, डास आणि बारमाही मलेरिया.

अ‍ॅलिसननं आधी आपलं शिक्षण पुरं केलं आणि १९५३ साली तो पुन्हा आफ्रिकेत गेला. युगांडात कंपालाच्या आसपासच्या २९० मुलांचं रक्त त्यानं तपासलं. ४३ मुलं वाहक होती, त्यांपैकी १२ जणांच्या रक्तात मलेरियाचे जंतू सापडले. शेकडा २८ म्हणा. उरलेल्या २४७ पैकी ११३ मुलांत सापडले; म्हणजे शेकडा ४६. मग त्यानं तीस प्रौढ स्वयंसेवक घेतले, पंधरा वाहक, पंधरा नसलेले, आणि त्यांना मुद्दाम मलेरियाची लागण करून पाहिली. वाहक नसलेल्या पंधरांपैकी चौदांना मलेरिया जडला. वाहकांपैकी फक्त दोघांना. असा प्रयोग आज कुठलीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि तेच योग्य आहे. वसाहतीच्या काळात हे खपून गेलं, एवढं नोंदवून पुढे जाऊ. १९५४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे सगळं छापून आलं. लगेच सर्वांना पटलं असं नाही, पण नंतरच्या अभ्यासांनी अ‍ॅलिसनचीच बाजू बळकट केली. जीवघेण्या प्रकारच्या मलेरियापासून वाहक मुलाला नव्वद टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळतं, असं केनियातल्याच पुढच्या कामातून दिसलं आहे. वाहकाच्या पेशीत जंतू शिरला की त्याची वाढ खुंटते, आणि ती पेशीही वाकून प्लीहेत लवकर निकालात निघते. पण वाहकाला मलेरिया होतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. ताप येतो, जीव सहसा जात नाही.

आता आपला मघाचा हिशोब पुरा करता येतो. ६४ निर्धोक बाळांपैकी चौथा हिस्सा, म्हणजे सोळा, मलेरियानं दगावली असं धरा. चार सिकलसेलनं गेली. उरली ऐंशी, ४८ साधी आणि ३२ वाहक. आता सिकलच्या प्रती मोजा: एकशे साठांत बत्तीस, म्हणजे पुन्हा पाचात एक. जितकं होतं तितकंच! आणि त्या जमातीत हे जनुक मुळीच नसतं तर? शंभरही बाळं साधी, त्यांतली पंचवीस मलेरियानं गेली असती, उरली असती पंचाहत्तर. म्हणजे या ‘रोगट बियाण्या’मुळे शंभरामागे पाच मुलं जास्त जगली. पण त्यासाठी दर पिढीत चार मुलांना जन्मभर वेदना आणि अकाली मरण सोसावं लागलं. ती चार मुलं कुणी निवडली नव्हती. नैसर्गिक निवड म्हणताना आपण ‘निवड’ हा शब्द वापरतो खरा, पण खळ्यावर कणसं निवडणाऱ्या शेतकऱ्यासारखं तिथे कुणी बसलेलं नसतं. तिथे असते ती फक्त चाळणी. इथे ती चाळणी होती मलेरियाची.

आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. मलेरिया आला म्हणून शरीरानं त्यावर तोड म्हणून हे जनुक ‘बनवलं’, असं नाही. नक्कल करताना अक्षर चुकावं तशी ती निव्वळ चूक होती, आणि बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातकच असतात. थंड पठारावर ही चूक झाली असती तर पुसून गेली असती. डासांच्या मुलखात ती कामाला आली. बदलतो तो एकेक माणूस नव्हे. माणूस मिळालेली जनुकं घेऊन जन्मतो आणि मरतो. बदलतं ते लोकसमूहातलं प्रमाण. १८५९ साली डार्विननं निवडीचा नियम सांगितला, पण हा फरक मुळात येतो कुठून, हे त्याला ठाऊक नव्हतं. सिकलसेलच्या निमित्तानं माणसाच्या बाबतीत ते अक्षराबरहुकूम दाखवता आलं.

आपल्याकडे या आजाराची नोंद झाली ती १९५२ साली. हर्मन लेहमन आणि मेरी कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींत हे जनुक सापडलं, आणि त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांतही ते आढळल्याचं प्रसिद्ध झालं. १९५८ साली नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांवर लिहिलं. पुढे नकाशा भरत गेला, तसा एक पट्टा स्पष्ट दिसू लागला: दक्षिण गुजरात, सातपुडा, मध्य प्रदेश, विदर्भ, छत्तीसगड, पश्चिम ओडिशा आणि खाली निलगिरी-वायनाड. जुन्या मलेरियाच्या नकाशावर तो ठेवून पाहिला तर बराचसा जुळतो. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया यांच्यात हे जनुक आहेच; पण ‘हा आदिवासींचा आजार’ असं म्हणून शहरी मंडळी मोकळी होतात, ते चूक आहे. विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही ते आहे. मलेरिया जात विचारत नव्हता. जात पाळली ती लग्नांनी, आणि जातीतल्या जातीत लग्नं होत राहिली की दोन वाहकांची गाठ पडण्याचा संभव वाढतो.

आफ्रिकेतलं आणि आपल्याकडचं जनुक एकच की वेगळं, यावर वाद आहे. १९८६ साली, आजूबाजूच्या जनुकीय खुणा तपासून असं मांडलं गेलं की, भारत आणि अरबस्तानात ही चूक स्वतंत्रपणे घडली. २०१८ साली झालेल्या एका अभ्यासानं उलट सांगितलं: मूळ एकच, आफ्रिकेतलं, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचं. मला स्वतःला या वादापेक्षा त्याच्या तळाशी असलेली गोष्ट महत्त्वाची वाटते. कुठूनही आलेलं असो, ते टिकलं ते स्थानिक मलेरियानं.

हाल्डेनही शेवटी इकडेच आले. १९५७ साली ते इंग्लंड सोडून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारले. त्या मधल्या वर्षांत हा देश मलेरियाशी झुंजत होता. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घरोघरी डीडीटी फवारलं गेलं आणि १९६५च्या सुमारास रुग्ण लाखभरावर आले. लोक म्हणाले, संपला मलेरिया. १९७६ साली पुन्हा ६४ लाख रुग्ण! ढिलाई हे एक कारण होतंच. पण दुसरं कारण आपल्या ओळखीचं आहे. असंख्य डासांत काही थोडे असे होते की डीडीटीनं ते मरत नव्हते. आपण फवारा मारून बाकीचे मारले आणि यांना रान मोकळं करून दिलं. क्लोरोक्विनच्या बाबतीत मलेरियाच्या जंतूनंही तेच केलं. डासाची पिढी दोन-तीन आठवड्यांची, माणसाची पंचवीस वर्षांची. त्यामुळे डास बारा-पंधरा वर्षांत बदलले आणि आपण अजून तिथेच आहोत.

किती काळ असू? मलेरियाची चाळणी आज पूर्ण निघून गेली असं समजा. मघाच्याच हिशोबानं पाचात एक असलेली प्रत दहात एकवर यायला पाच पिढ्या, म्हणजे सव्वाशे वर्षं लागतात. तिथून विसात एकवर यायला आणखी दहा पिढ्या. जनुक जितकं विरळ, तितकं ते वाहकांत दडून राहतं आणि चाळणीत सापडत नाही. शिवाय आता आजारी मुलंही उपचारांनी जगतात, त्यांचे संसार होतात, आणि ते व्हायलाच हवेत. म्हणजे वेग याहूनही कमी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंतची मुदत. काम मोठं आहे, गरजेचं आहे. ‘निर्मूलन’ हा शब्द मात्र जपून वाचायला हवा. हटवायचा आहे तो आजाराचा जाच. जनुक असं मुदतीत हटत नाही, आणि ते अंगात असलेली माणसं हटवायची नाहीत.

मी हे उगाच म्हणत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत काही राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सिकलसेलची तपासणी सक्तीची केली. समुपदेशन नाही, उपचार नाहीत, नुसता शिक्का. वाहक आणि रुग्ण यांतला फरक कायदे करणाऱ्यांनाच नीट ठाऊक नव्हता. वायुदलाच्या अकादमीचे दरवाजे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. आपल्याकडे सक्ती नाही, पण सोयरीक मोडताना आपण तीच चूक करतो. एक वाहक आणि एक साधा, अशा जोडप्याला या आजाराचं मूल होत नाही. दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता असते, आणि त्यासाठी गरोदरपणीच तपासणी करता येते. वाहक मुलीशी लग्न करू नये असं यातून निघत नाही. मुलानंही आपलं रक्त तपासून घ्यावं, एवढंच निघतं. तपासणीसाठी मुलगीच पुढे केली जाते, हेही इथे सांगून टाकतो.

जाता जाता आजाराच्या बाजूनं एक चांगली बातमी. १९४८ साली ब्रुकलिनमध्ये जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं होतं की, सिकलसेल घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांना सुरुवातीचे काही महिने त्रास होत नाही. कारण गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते चिकटत नाही, आणि जन्मानंतर ते हळूहळू कमी होतं. काही माणसांत मात्र ते पुढेही बरंच टिकतं. आपल्याकडच्या पुष्कळ रुग्णांत ते आफ्रिकी रुग्णांपेक्षा जास्त आढळतं आणि त्यांतल्या अनेकांचा त्रास त्यामुळे सौम्य असतो. सगळ्यांचा नाही, विदर्भात तीव्र आजाराचीही मुलं आहेत. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत ज्या जनुकीय उपचाराला मंजुरी मिळाली, तो हेच करतो: गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणारी कळ निकामी करतो. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे बावीस लाख डॉलर ठरली. हायड्रॉक्सियुरियाची साधी गोळीही काही प्रमाणात तेच काम करते. ती धडगावला आणि एटापल्लीला महिनोन् महिने खंड न पडता मिळते का, हे आपल्या पुढच्या ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.